कटिंग टेबलावरची मगर

त्या उन्हाळ्यात मी एकाच वेळी मगर होते, दोन दरोडेखोर होते, एक बहिरा नावाडी होते आणि गरज पडेल तसा वाराही होते. शिवाय बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल काय लागतोय या धास्तीत असलेली एकोणीस वर्षांची शुभाही होतेच, पण तिच्याकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता. कॉलेजमधली एक सीनिअर मुलगी म्हैसूर सोडून जाताना मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि कापडी बटव्यात सात फासे देऊन गेली होती. फासे म्हणजे सारीपाटाचे नव्हेत. त्यात एक वीस बाजूंचा होता, एक बारा, एक आठ. पुस्तकात एका खेळाचे नियम होते. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, एकानं सगळं जग सांगायचं, आणि ज्याचं काय होईल हे सांगता येत नाही ते फाशावर सोडायचं. इतकं सोपं वाटलं म्हणून मी जग सांगणारी व्हायला हो म्हणून बसले. पुस्तकाची निम्मी पानं फक्त लढाईची आहेत हे मला नंतर कळलं.

आमचं घर म्हैसूरच्याच विजयनगर वस्तीत. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जागा घेतली तेव्हा तिथे गवत आणि बकऱ्या सोडून काही नव्हतं म्हणे. पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान, मागे आम्ही. मध्ये दार होतं, पण ते कधी लागलेलं मला आठवत नाही. त्यामुळे मशीनची घरघर आमच्या जेवणात, भांडणात, आईच्या विठ्ठलाच्या आरतीत, सगळीकडे असायची. अप्पांच्या गळ्यात त्यांच्या वडिलांची पिवळी टेप असे. तिचं पितळी टोक आणि त्यामागचा पहिला इंच कधीच झिजून तुटून गेला होता. नवी टेप खिळ्याला टांगलेली होती, पण अप्पांचा हात त्या जुन्या टेपेलाच सरावलेला. ते टेपेवर दिसेल तो आकडा ओरडायचे, "चौतीस!", आणि आई किंवा मी मापाच्या वहीत तेहेतीस लिहायचो. हे कोणी कुणाला शिकवलं नव्हतं. चप्पल दाराबाहेर काढावी तसं ते आपोआप व्हायचं.

खेळायला मुलं आली ती मृणालताईंमुळे. त्या पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीपायी आलेल्या, दोन गल्ल्या पलीकडे राहत. ब्लाउज शिवायला आल्या आणि मी पुस्तक घेऊन एकटीच फासे टाकत बसलेली त्यांना दिसले. "अगं, मुलांना शिकव की! सुट्टीत निदान मराठी तरी कानावर पडेल त्यांच्या." मग थोडं थांबून, अगदी प्रेमानं, "तुमचं मराठी जरा वेगळं आहे, पण चालेल." आईला हे लागलं. त्या गेल्यावर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "वेगळं म्हणे. आमचं मराठी इथं आलं तेव्हा हिची आजी तरी जन्मली होती काय गे?" पण दुसऱ्याच दिवशी तिनंच मुलांसाठी कैरीचं चित्रान्न केलं, फोडणीच्या भातासारखं.

आसपासच्या मराठी घरांतली चार मुलं आली. सोहम आणि ओम हे जुळे, दहा वर्षांचे, आवाज वीस जणांचा. आठ वर्षांची तन्मयी, जिला फक्त बोलणारं अस्वल व्हायचं होतं. आणि मृणालताईंची इरा, अकरा वर्षांची. इराला शाळेत मैत्रीण नव्हती. कन्नड येत नसल्यामुळे मधल्या सुट्टीत ती ग्रंथालयात जाऊन बसते, असं तिच्या आईनं मला हळूच सांगितलं होतं. अप्पांनी सकाळी दहा ते बारा आम्हाला कटिंग टेबल दिलं, एका अटीवर. मेच्या मध्याला शाळांच्या युनिफॉर्मचे तागे येतात. तागे आले की टेबल त्यांचं. "मग सुम्ने, उगीच रडायचं नाही," अप्पा म्हणाले.

बटणांच्या डब्यातून ज्यानं त्यानं आपलं पात्र निवडलं. जुळ्यांनी बँडवाल्याच्या कोटाची पितळी बटणं घेतली, तन्मयीनं ओव्हरकोटाचं भलंमोठं तपकिरी बटण, त्याचं नाव गुंडू. इरानं डबा पूर्ण पालथा करून एक हिरवं काचेचं बटण शोधलं. तिच्या पात्राचं नाव झुळूक. झुळूक चोर होती आणि तिला कुणी पकडू शकत नसे. इरानं तिच्यासाठी एक वही केली होती, त्यात झुळूक लहानपणी काय खायची हेसुद्धा लिहिलेलं होतं. नकाशा मी टेबलावर शिंप्याच्या खडूनं काढायचे. नदी अर्थातच कावेरी, आणि शेतं माझ्या मावशीच्या कृष्णराजनगरची, भाताची, बांधासकट. पुस्तकात म्हटलं होतं की एक इंच म्हणजे पाच फूट. मोजायला टेप हवी होती. अप्पा शिवायला बसले की गळ्यातली टेप टेबलाच्या कडेला ठेवत, आम्ही ती उचलली.

आता नियम. मला आजही ते सांगायला घेतलं की उत्साह येतो, घरची माणसं उठून जातात. लढाई सुरू झाली की प्रत्येकानं फासा टाकायचा आणि त्या क्रमानं पाळी घ्यायची. पाळीत एक चाल आणि एक कृती. झुळूक सहा इंच चालते, गुंडू पाच. शत्रूला खेटून उभे असाल आणि नुसतेच पळालात तर त्याला तुमच्यावर एक फुकटचा वार मिळतो. तो टाळायचा तर पूर्ण कृती सावधपणे निसटण्यात घालवायची. झाडाआड असाल तर वार लागणं अवघड, पडलेले असाल तर जवळून सोपं आणि लांबून कठीण. हे सगळं मला एका बैठकीत आलं असं नाही. पहिल्या आठवड्यात मी फुकटचा वार विसरले, दुसऱ्यात तो सगळ्यांना देत सुटले, अगदी बांधावरून जाणाऱ्या बकरीलाही. मुलं माझी चूक धरत, मी पुस्तक उघडे, पान सापडेपर्यंत जुळे एकमेकांच्या अंगावर चढलेले असत. शेवटी मी अस्तराच्या पुठ्ठ्यावर सगळे नियम माझ्या शब्दांत लिहून काढले. एखादा नियम वाचून डोक्यात जात नसे, तो टेबलावर एकदा चुकला की मग कायमचा बसे. आईबरोबर सराव करायचे. ती पाटावर सांडगे घालत असे आणि मी सांगे, "आई, तू मगर. तुझी पाळी." ती म्हणे, "मगरीचे हात बरबटलेत. मगर पाळी सोडते." नंतर तीच मला घरात ऐकवू लागली, "एक चाल, एक कृती. नळापर्यंत जा आणि घागर भर."

जुळे फार वाद घालत. फासा पडला की म्हणत, हा टाकलाच नव्हता, सरावाचा होता. म्हणून मी भिंतीवर लाल खडूनं लिहून ठेवलं: टाकलेला फासा उचलायचा नाही, झालेला वार फिरवायचा नाही, शुभाताईचं मोजमाप अखेरचं. तिसरी ओळ लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

एकच गोष्ट मुलांना खुपत होती. त्यांना कधीच पळून जाता येत नसे. दरोडेखोर गाठत, रानडुकरं गाठत, एकदा तर बहिऱ्या नावाड्यानंही गाठलं. "तुमचे लोक फार फास्ट आहेत," ओम तक्रार करायचा. मी मनात खूश होते. मला वाटायचं, मी लढाई चांगली खेळवते.

मग मगर आली. तागे यायला आठवडा उरला होता, तिच्याशी शेवटची लढाई व्हायची होती. मगर म्हणजे अप्पांची धागे कापायची गंजलेली, बोथट, छोटी कात्री. ती तोंड उघडायची, मिटायची, आणि स्क्रूपासून पात्याच्या टोकापर्यंत बरोबर एक इंच होती. मी ती नदीच्या निळ्या खडूतून वर काढली तेव्हा तन्मयी किंचाळून खुर्चीवर उभी राहिली. मगरीनं धरलं तर काय होतं याची तीन पानं मी पाठ केली होती. झुळूक झाडावरून मगरीच्या पाठीवर उडी मारून बसली, तिथून तिनं सुरा खुपसला, जुळ्यांनी टेबल बडवलं. पुढच्या पाळीला इरा शांतपणे म्हणाली, "मी सावधपणे निसटते. फुकटचा वार नाही." बरोबर होतं. तिनं टेपेचं टोक कात्रीच्या स्क्रूवर ठेवलं, सहावर बोट धरलं आणि तिथे हिरवं बटण सरकवलं. मगरीची पाळी. मगर जमिनीवर चार इंच चालते. मी सराईतपणे टेप टाकली, चार मोजले, कात्री सरकवली, तोंड उघडलं. पात्याचं टोक बटणाला टेकलं.

"पकडली," मी म्हणाले.

इरानं बटणावर बोट ठेवलं. "पण शुभाताई, मी सहा गेले. ती चार आली आणि तिचं तोंड एक. पाच होतात. एक उरायला हवा."

हिशेब चोख होता. मला तो पटलाही, आणि म्हणूनच राग आला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मग तुझा हात हलला असेल मोजताना."

"नाही हलला."

"चीटिंग!" सोहम ओरडला. ओमनं लगेच साथ दिली. "इरा चीटिंग! इरा चीटिंग!"

मी त्यांना गप्प केलं, पण ते बरोबर नाहीत असं काही म्हटलं नाही. मी भिंतीकडे बोट केलं. मगरीनं झुळूकला पाण्यात ओढलं. इरानं जीव वाचवायचे तीन फासे टाकले, तिन्ही वाईट पडले. ती रडली नाही. बटण तिथेच ठेवून, वही घेऊन, न जेवता घरी गेली. पुढच्या खेळाला ती आली नाही. "पोटात दुखतंय म्हणते," मृणालताई म्हणाल्या. तिच्याशिवाय आम्ही तो खेळ सोडूनच दिला, जुळ्यांनी तासभर नुसती बटणं उडवली. दोन दिवसांनी शेवटचा खेळ होता.

इरा आली नाही त्याच संध्याकाळी मी दुकानात बसून काजं करताना कुरकुरत होते. मुलं मोजताना लबाडी करतात, मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटतं, वगैरे. अप्पांची मशीन चालू होती.

"कशानं मोजालेत पोरं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या टेपेनं."

मशीन थांबली. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग एक वजा कोण कराय्लंय?"

मी वजा करत होते. चार इंच जायचं तर माझं बोट आपोआप पाचावर जायचं, लहानपणापासून जातच होतं. मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. ती सहावर बोट ठेवत होती आणि पाच इंच जात होती. संपूर्ण सुट्टीभर, प्रत्येक लढाईत, माझे राक्षस पूर्ण चालले आणि ती चार मुलं इंचभर कमी. दरोडेखोर फास्ट नव्हते. मला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"सांगायलाच पाहिजे का?" मी विचारलं. हे मी विचारलं होतं, लपवत नाही. "खेळ तर आहे. नव्या टेपेनं खेळू पुढं, कुणाला कळणार पण नाही."

अप्पा म्हणाले, "माझ्या टेपेनं गिऱ्हाइकाचा ब्लाउज तोकडा झाला, तर मी तिला काय, तू जाडी झालीस म्हणू? अय्यो, साकु. पुरे झालं, ऊठ. टेप घे आणि जा."

इराच्या घरी तिची आई दार उघडून आत गेली. मी इराच्या हातात टेप दिली आणि टोक बघ म्हणाले. तिनं बघितलं. टेप एक या आकड्यापासून सुरू होत होती. तिनं ते टोक अंगठ्यानं चाचपलं.

"म्हणजे मी बरोबर मोजलं होतं."

"हो."

"माझा हात हलला नव्हता."

"नव्हता. माझंच चुकलं, इरा."

तिनं टेप गुंडाळून परत दिली. "सगळ्यांसमोर सांगशील?"

खरं सांगते, बीकॉमचा कुठलाही पेपर मला इतका अवघड गेला नव्हता. चार मुलांपुढे काय ते बोलायचं होतं, त्यातली एक आठ वर्षांची. पण त्या टेबलाशी मी पहिल्यांदाच कुणीतरी झाले होते, आणि ते सगळं त्या तिसऱ्या ओळीवर उभं होतं. शेवटच्या दिवशी मी ओला फडका घेऊन ती ओळ पुसली आणि सगळं सांगितलं. वजा करणं, इंच, सुट्टीभरच्या लढाया, आणि मी इराला काय म्हणाले ते. मग ओमनं डोळे मोठे करून विचारलं, "म्हणजे नावाडी पण आम्हाला पकडू शकत नव्हता?" "नव्हता," मी म्हणाले. आणि जुळे आनंदानं अक्षरशः नाचायला लागले. आपण सावकाश नव्हतो, हे कळल्याचा तो आनंद होता. नाचता नाचता सोहम इरासमोर थांबला, खिशातली अर्धी चिक्की तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "तू नव्हतं केलं चीटिंग." इरानं चिक्की घेतली.

खिळ्यावरची नवी टेप काढली आणि ती चाल पुन्हा मोजायची ठरवली. हिरवं बटण इराच्या हातून पुन्हा त्याच दिशेनं सरकलं, यावेळी पुरते सहा इंच. मगर चार आली, पातं उघडलं, मिटलं, मध्ये इंचभर खडूची रिकामी माती. असा आरडाओरडा झाला की रस्त्यावरचा भाजीवाला डोकावून गेला. पण मगर उपाशी राहत नाही. तिच्या शेजारी काठावर गुंडू उभा होता. मी नियमानं फासा टाकला, आणि मगरीनं तन्मयीच्या अस्वलाला धरलं. तन्मयीचा ओठ थरथरायला लागला. पुढच्या पाळीला मगर गुंडूला पाण्यात ओढणार होती.

त्याआधी इराची पाळी होती. झुळूक सुटलेली होती, पळाली असती तर संपलं असतं. इरानं टेपेचं टोक झुळूकवर ठेवलं आणि टेप उलटी, मगरीकडे, ताणली. तोंडापर्यंत एकच इंच. "मी गुंडूला ओढून काढते," ती म्हणाली. मशीन थांबल्याचं मला कळलं. नियम मला पुस्तक न उघडता सांगता आला, आणि सांगताना माझा आवाज चढत गेला: ताकदीचा फासा, झुळूक बारीक आहे म्हणून पंधरा किंवा वर, त्याखाली पडला तर मगरीच्या तोंडात दोघंही. इरानं फासा दोन्ही हातांत खुळखुळवला आणि इतक्या जोरानं टाकला की तो टेबलावरून उडाला, फरशीवर दोनदा आपटला आणि अप्पांच्या मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगाकडे गेला.

"हलू नका!" अप्पा ओरडले. त्यांनी पाय वर उचलून धरले होते.

टेबलाखाली पडलेला फासा धरायचा की परत टाकायचा? माझ्या पुठ्ठ्यावर नव्हतं, पुस्तकातही कुठल्या पानावर नव्हतं. मशीनखाली एकच जण शिरू शकेल इतकी जागा होती. इरा पोटावर सरपटत आत गेली. आम्हाला फक्त तिचे तळपाय दिसत होते.

"सतरा," आतून आवाज आला.

सोहमनं तोंड उघडलं. मला माहीत होतं त्याला काय म्हणायचंय, बघू दे, मला बघू दे. त्याच्याआधी मी म्हणाले, "सतरा. गुंडू सुटला." सोहमनं तोंड मिटलं, क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि मग सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला. त्यानंतर जुळ्यांनी मगरीचा निकाल लावायला दोन फेऱ्याही लागल्या नाहीत. कैरीचं चित्रान्न त्या दिवशी पातेलं खरवडून संपलं. तो फासा खरंच सतरा होता का, हे मी इराला कधी विचारलेलं नाही. विचारावंसंही वाटलं नाही.

तागे आले. टेबल पांढऱ्या-निळ्या कापडाखाली गेलं, नदीचा खडू झटकला गेला. शाळेच्या मापांना रांग लागली, त्यात एक दिवस मृणालताई इराला घेऊन आल्या. अप्पांच्या गळ्यात जुनीच टेप होती, दुसरी त्यांच्या हाताला चालतच नव्हती. इरा हात पसरून ताठ उभी राहिली. अप्पांनी तिच्या पाठीवर टेप लावली आणि ओरडले, "एकतीस!"

मी पेन्सिल टेकवायच्या आत इरा म्हणाली, "तीस लिही, शुभाताई."

अप्पांनी टेप परत गळ्यात टाकली. मग मागच्या दाराकडे तोंड करून आईला म्हणाले, "ऐकलीस काय गे? जेवायला पान एक जास्त घे. घरातलीच आहे की ही."